गल्लीने दिलेले शिक्षण

आपल्या गावाचा भूगोल मूल शाळेत जाण्यापूर्वीच शिकते. नकाशा नसतो, फळा नसतो, मास्तर नसतात. तरीही पाचव्या-सहाव्या वर्षी त्याला अचूक ठाऊक असते की कोणत्या घरी थेट स्वयंपाकघरापर्यंत जावे, कोणत्या घरी ओट्याखालूनच हाक मारावी आणि कोणत्या वस्तीकडे पाऊलही टाकू नये. हे ज्ञान तुला कोणी दिले, असे विचारल्यास त्याला उत्तर देता येणार नाही. अस्पृश्यतेचा इतिहास लिहिणारे पंडित जुन्या सनदा, सरकारी अहवाल आणि न्यायालयांचे निवाडे चाळतात, आणि ते योग्यच आहे. परंतु ही रूढी ज्या शाळेतून एका पिढीकडून दुसरीकडे गेली ती शाळा म्हणजे गल्ली. आणि गल्लीचे दप्तर कोणी ठेवलेले नाही. आज त्या दप्तराची दोन-चार पाने खानदेशापुरती उघडावी असा विचार आहे. त्यांतील काही पाने माझ्या आठवणीतील आहेत. सर्वांत महत्त्वाचे पान मात्र माझे नव्हे. ते चाळीसगावचे आहे आणि 1929 सालचे आहे.

धुळ्याचा जो भाग जुने शहर म्हणून ओळखला जातो, तो खरे पाहता फारसा जुना नव्हे. 1818 साली पेशवाई बुडाली, खानदेश इंग्रजांच्या अमलाखाली गेला, आणि कॅप्टन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने पांझरा नदीकाठचे हे लहानसे गाव कारभाराचे ठाणे म्हणून निवडले. 1819 पासून त्याने येथे कचेऱ्या बांधविल्या, व्यापारी-उदमी बोलावून त्यांना घरांसाठी जागा दिल्या आणि नवे शहर आखून बसविले. पुण्याच्या पेठांना वारांची आणि सरदारांची नावे आहेत. आमच्या धुळ्याच्या गल्ल्यांना नुसते आकडे. गल्ली नंबर एक, गल्ली नंबर दोन, अशा त्या आग्रा रोडच्या आसपास सरळ गेलेल्या आहेत, आणि परगावच्या पाहुण्यास त्यांचे मोठे कौतुक वाटते. आकड्याला जात नसते. तेव्हा अशा आखीव शहरात तरी जुन्या गावगाड्यातले शिवाशिवीचे नियम सैल पडले असतील, असा तर्क कोणी करील. तसे घडले नाही. दगडमातीचे गावकूस पाडता येते. पण माणसे नव्या शहरात राहावयास आली ती आपापले गावकूस मनात घेऊनच आली.

माझा जन्म 1950 सालचा. म्हणजे राज्यघटनेचे आणि माझे वय सारखेच. घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झाल्याचे जाहीर केले. हरिजनांना मंदिरे खुली करणारा कायदा मुंबई प्रांतात त्याच्याही आधी, 1947 साली झाला होता. 1955 साली संसदेने अस्पृश्यता पाळणे हा दंडनीय गुन्हा ठरविला. सारांश, गल्लीने आम्हां मुलांना जे शिकविले ते सारे बेकायदा शिक्षण होते! पण कायद्याचा शिपाई आमच्या ओट्यावर कधी आला नाही, आणि आला असता तरी त्याने तक्रार लिहून घेण्यापूर्वी पाणी कोणाच्या तांब्यातून प्यावे याचा विचार केला असता.

आमच्या घराला दोन दारे होती. पुढचे दार गल्लीत उघडे, मागचे बोळात. पुढच्या दाराला तोरण, उंबऱ्यावर रांगोळी, ओट्यावर संध्याकाळी वडीलमंडळींची बैठक. मागच्या बोळात टोपलीचे संडास. गावातील सर्व सवर्ण घरांची पाठ त्या बोळाकडे होती, आणि पहाटे त्या बोळातून एक बाई डोक्यावर टोपली घेऊन जात असे. गल्लीत तिचे नाव कोणी घेत नसे. ती तिच्या कामाच्या नावानेच ओळखली जाई. वर्षातून एकदाच ती पुढच्या दारी येई, दिवाळीत. ओट्याखाली उभी राहून पदर पसरी, आणि घरातील कोणीतरी वरून त्यात फराळाचे टाकी. टाकी, हाच शब्द खरा; देई असे म्हणता येणार नाही. त्या टाकण्यात राग नव्हता, तिरस्कारही नव्हता. उलट सणाच्या दिवशी गोरगरिबास आपण काही दिले याचे समाधानच घरातील बायकांच्या चेहऱ्यावर दिसे. याच कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने 1949 साली बर्वे समिती नेमली होती. डोक्यावरून मैला वाहण्याची पद्धत बंद व्हावी, असे त्या समितीचे म्हणणे होते. ही प्रथा मोडण्यासाठी देशाला पुढे 1993 साली एक आणि 2013 साली दुसरा असे दोन कायदे करावे लागले, यावरून बोळाची लांबी ध्यानात यावी.

पाण्याचा धडा याहून सूक्ष्म. उन्हाळ्यात धुळ्याचे ऊन किती कडक असते हे खानदेशाबाहेरच्या माणसास सांगून कळावयाचे नाही. दुपारी लाकूडफाटा विकावयास, जात्याला टाकी लावावयास, कोणी ना कोणी येई आणि पाणी मागे. माझी आजी मोठी दयाळू बाई. तहानलेल्याला तिने कधी विन्मुख धाडले नाही. मला तांब्या देऊन ती म्हणे, ‘‘जा, पाणी घाल त्याला, वरून घाल हो.’’ तो माणूस खाली बसून ओंजळ करी आणि मी ओट्यावरून धार धरी. तांब्या आणि ओंजळ यांत किती अंतर ठेवावयाचे, हे मला कोणी मोजून दिले नव्हते. पण ते माझ्या हाताला ठाऊक होते. ओट्यावर बसलेली मंडळी बोलता बोलता तिकडे एक नजर टाकीत. हात खाली गेला तर ‘अरे, अरे’ असा एक आवाज येई, एवढेच. पाणी पाजणे हे पुण्य, आणि वरून पाजणे हे वळण. पुण्य आणि वळण यांची अशी एकाच धारेत मिसळण झाली, की त्यांतून एक निवडून दुसरे टाकणे हे मोठेपणीही सोपे राहत नाही. मारून-धमकावून शिकविलेली गोष्ट मूल पुढे उलटून टाकू शकते. मायेने शिकविलेली गोष्ट टाकताना त्याला आजी टाकल्यासारखे वाटते.

माझे आजोळ अमळनेर तालुक्यात. तेथे शेतावर वर्षाच्या बोलीने सालदार असत. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, जुने साल संपे आणि नवे ठरे. मामांचा सालदार भिल्ल होता. त्याची जर्मनची थाळी आणि पेला गोठ्याच्या कोनाड्यात पालथा घातलेला असे. बैल त्याच्या हाताचे खात, आम्ही त्याने पिकविलेली ज्वारी खात असू, गाईचे दूधही तोच काढी. पण थाळी कोनाड्यातून घरात येत नसे. त्याचा मुलगा माझ्याच वयाचा. नदीत पोहणे, चिंचा पाडणे, बैल पाण्यावर नेणे, सारे आम्ही बरोबर केले. घराच्या पायरीशी आलो की तो आपण होऊन थांबे. त्याला ‘थांब’ असे कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही. मला मात्र एकदा एका म्हाताऱ्या शेजारणीने अहिराणीत सांगितले होते, ‘‘त्यासले शिवू नको रे पोऱ्या.’’ तो ते ऐकत उभा होता. त्याचा धडा त्याच्या घरी आधीच झालेला असावा. कारण त्याला आश्चर्य वाटलेले दिसले नाही.

त्याच अमळनेरात, प्रताप हायस्कुलात, साने गुरुजी 1924 पासून 1930 पर्यंत शिक्षक होते. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून 1947 च्या मे महिन्यात त्यांनी प्राणांतिक उपोषण केले, ही गोष्ट आजोळी अभिमानाने सांगितली जाई. ‘श्यामची आई’ मामांच्या फळीवर होते. रात्री कंदिलापाशी ते मोठ्याने वाचले जाई. श्यामची आई त्याला एका महार म्हातारीच्या डोक्यावर मोळी चढवून देण्यास सांगते, तो भाग आला की बायका पदराने डोळे पुशीत. डोळे पुसून झाल्यावर उद्याच्या न्याहारीची भाकरी बांधली जाई आणि ती सकाळी गोठ्यातील थाळीत वरून पडे. यात ढोंग होते असे मी म्हणणार नाही. रडणे खरे होते. पुस्तकातील म्हातारीला चार लोक पाहत नव्हते. गोठ्यातील थाळीला सारे गाव पाहत होते.

शब्दांचे शिक्षण तर खेळतानाच होई. केस विंचरले नाहीत तर ‘भिल्लासारखा दिसतोस’. ओरडलो तर महारवाड्याचे नाव. काही हरवले आणि त्या दिवशी पारध्यांचा पाल गावाबाहेर उतरलेला असला, तर चौकशीचे कारणच उरत नसे. या शब्दांमागे सरकारी शिक्के होते, हे मला फार पुढे समजले. जमातीच्या जमातीला जन्मतः गुन्हेगार ठरविणारा कायदा इंग्रजांनी 1871 साली केला आणि 1911 साली तो मुंबई इलाख्यासही लागू झाला. स्वतंत्र भारताने 1952 साली तो रद्द केला. आमच्या गल्लीत तो त्यानंतरही चालूच होता. भिल्लांची गोष्ट याहून जुनी. 1825 साली औट्राम नावाच्या तरुण अधिकाऱ्याने धरणगावास भिल्लांची पलटण उभी केली. लुटारूंना त्याने माणसांत आणले, असे इंग्रजी ग्रंथांत मोठ्या गौरवाने लिहिलेले असते. हे ‘लुटारू’ सातपुड्याच्या आणि सातमाळ्याच्या घाटवाटांवर जुने हक्क सांगणारे लोक होते, हा मजकूर त्या ग्रंथांत शोधून काढावा लागतो. सेंधव्याच्या घाटावर कंपनी सरकारची चाकरी केलेला खाज्या नाईक 1857 साली बंडात उतरला आणि 1858 च्या एप्रिलमध्ये सातपुड्यात अंबापाणी येथे भिल्लांची इंग्रज फौजेशी मोठी लढाई झाली. झाशी आणि कानपूर आम्ही पाठ केले. अंबापाणी आमच्याच डोंगरातले. त्याचे नाव मी शाळा सोडल्यावर ऐकले.

आता चाळीसगावकडे वळू. धुळ्याहून मुंबईस जावयाचे तर चाळीसगावास गाडी बदलावी लागे. चाळीसगाव-धुळे ही शाखा 1900 साली सुरू झाली. जामदा, शिरूड अशी लहान लहान स्टेशने घेत ती काळ्या कपाशीच्या जमिनीतून जाते. चाळीसगाव म्हटले की शाळेत दोन गोष्टी सांगत. जवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांच्या वंशजाने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याचा तेराव्या शतकारंभीचा शिलालेख आहे, ही एक. आणि स्टेशनाजवळ केकी मूस नावाचे एक थोर कलावंत घराबाहेर न पडता राहतात, ही दुसरी. तिसरी गोष्ट त्याच स्टेशनाबाहेर घडलेली, पण ती सांगणारे मास्तर मला भेटले नाहीत.

अस्पृश्य आणि वन्य जमातींच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने 1928 च्या अखेरीस स्टार्ट नावाच्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सभासद होते. पुढील वर्षी समितीने प्रांतभर दौरा केला, आणि खानदेशचे दोन्ही जिल्हे बाबासाहेब व त्यांचे एक सहकारी यांच्याकडे आले. (1906 सालापासून खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले होते, एकाचे ठाणे जळगाव, दुसऱ्याचे धुळे.) काम उरकून बाबासाहेब मुंबईस परत निघाले असता, धुळ्याच्या मार्गावरील एका खेड्यात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार घातला होता त्याची चौकशी करण्यासाठी ते चाळीसगावास उतरले. चाळीसगावच्या अस्पृश्य मंडळींनी त्यांना एक रात्र आपल्याकडे राहण्याचा आग्रह केला. त्यांनी तो मानला, धुळ्याच्या गाडीने जाऊन खेड्यातील स्थिती पाहिली आणि परतीच्या गाडीने ते पुन्हा चाळीसगावास आले. मंडळी हार घेऊन फलाटावर उभी होती.

महारवाडा स्टेशनापासून सुमारे दोन मैल, नदीपलीकडे. बाहेर टांगे पुष्कळ उभे होते. चालत जाता येण्यासारखे अंतर. तरी कोणी हलेना. तासभर असा गेला. अखेर एक टांगा फलाटाजवळ आणण्यात आला. बाबासाहेब आणि हाकणारा असे दोघेच त्यात बसले. बाकीचे लोक जवळच्या वाटेने पायी पुढे गेले. दोनशे पावलांवर टांगा एका मोटारीवर आदळावयाचा, तो पोलिसाच्या ओरडण्याने वाचला. रोज भाडे करणारा माणूस इतका अडाणी कसा, याचे बाबासाहेबांना नवल वाटले. पुढे नदीवरचा दगडी फरशीचा पूल आला. त्याला कठडे नव्हते, अंतराअंतरावर नुसते दगड रोवलेले. आणि रस्त्यावरून पुलावर येण्यासाठी एकदम काटकोनात वळावे लागे. त्या वळणावर घोडा उधळला. चाक पहिल्याच दगडावर इतक्या जोराने आदळले की बाबासाहेब उचलले जाऊन फरशीवर पडले आणि बेशुद्ध झाले. घोडा आणि टांगा खाली नदीत गेला. महारवाडा समोरच्याच तीरावर होता. आधी पोहोचलेले स्त्री-पुरुष आणि मुले आक्रोश करीत धावत आली आणि त्यांना उचलून घेऊन गेली. त्यांचा पाय मोडला होता.

खरी हकीकत त्यांना नंतर कळली. अस्पृश्य उतारूला बसवून टांगा हाकण्यास एकही टांगेवाला तयार नव्हता. त्यात त्यांच्या प्रतिष्ठेस कमीपणा होता. इकडे पाहुण्याने पायी यावे हे महारमंडळींच्या मनाला पटेना. त्यात पाहुण्याच्या प्रतिष्ठेस कमीपणा होता. तासभर घासाघीस होऊन तोड निघाली ती अशी, की टांगा भाड्याने द्यावा पण मालकाने हाकू नये. हाकणारा तुमचा तुम्ही पाहा. त्यांच्यापैकी कोणाचाच तो धंदा नव्हता. एकाने धीर करून लगाम हाती घेतला, आणि आपण कोणाला घेऊन चाललो आहोत या जाणिवेनेच त्याचे हातपाय गळाले. आत बसलेले गृहस्थ कोलंबिया आणि लंडन या दोन विद्यापीठांचे डॉक्टर, बॅरिस्टर आणि मुंबई कायदे कौन्सिलाचे सभासद होते. बाहेर उभा असलेला टांगेवाला दिवसाला चार पैसे मिळविणारा कष्टकरी. पाटील-देशमुखांच्या ओट्यावर त्यालाही कोणी बसू दिले नसते. परंतु गावाने त्याला एक वस्तू फुकट दिली होती: आपल्याहून खाली असणारा कोणीतरी. पैशाने, विद्येने किंवा पदवीने ती हिरावून घेता येत नव्हती. गरिबाला एवढी स्वस्त आणि एवढी टिकाऊ देणगी दुसऱ्या कोणत्याही व्यवस्थेने दिली नसेल, आणि ही व्यवस्था इतकी शतके का टिकली याचे उत्तर पोथ्यांपेक्षा त्या टांग्याच्या अड्ड्यावर अधिक लवकर सापडते असे मला वाटते.

श्रोत्यांना येथे आणखी एक प्रसंग सांगितला पाहिजे. तो खानदेशातला नव्हे, पण त्यावाचून चाळीसगावचा अर्थ पुरा लागत नाही. 1901 साली भीमराव नऊ-दहा वर्षांचा असताना, वडील भाऊ आणि बहिणीचे मुलगे यांच्यासह वडिलांच्या नोकरीच्या गावी जाण्यासाठी साताऱ्याकडच्या मसूर स्टेशनावर उतरला. नवे कपडे, डोक्यावर टोप्या. स्टेशनमास्तरने आपुलकीने विचारपूस केली, आणि मुले महारांची आहेत हे कळताच त्याचा चेहरा पालटला. बैलगाडीवाले येईनात. शेवटी तोड निघाली: दुप्पट भाडे द्यावे, गाडी मुलांनी हाकावी, गाडीवान बाजूने चालेल. मसूर आणि चाळीसगाव यांत शेकडो मैलांचे अंतर, दोन्ही प्रसंगांत अठ्ठावीस वर्षांचे अंतर. आणि तोड मात्र जशीच्या तशी! कोणत्या ग्रंथात हे कलम लिहिले होते? कोणत्याच नाही. तरी ते साताऱ्याच्या गाडीवानास आणि खानदेशच्या टांगेवाल्यास सारखेच पाठ होते.

मसूरच्या प्रसंगात एक बारीकशी गोष्ट आहे. दिवसभर विटाळाच्या भयाने पायी चाललेला तो गाडीवान अंधार पडल्यावर आपण होऊन गाडीत चढला आणि त्या मुलांच्या शेजारी बसला. मुले चकित झाली. पण विचारण्याचे धैर्य त्यांना झाले नाही. अंधारात विटाळ कोठे गेला? धर्म म्हणावा तर तो रात्रीही असतो. नाहीसे झाले होते ते पाहणारे डोळे. चाळीसगावच्या टांगेवाल्याला ती सोय नव्हती. त्याच्या भोवती त्याचे सोबती उभे होते, आणि उद्या सकाळी त्याच अड्ड्यावर त्याला पुन्हा उभे राहावयाचे होते. आमच्या ओट्यावरून माझ्या तांब्याकडे पडणारी ती एक नजर, आणि त्या अड्ड्यावरची नजर, एकच. आपण तिला ‘चार लोक’ म्हणतो. हे चार लोक कोण, त्यांची नावे काय, हे कोणी सांगू शकत नाही. कारण प्रत्येक जण दुसऱ्यांच्या हिशेबी त्या चारांतला एक असतो.

आमच्या शाळेत गांधीजींची मॅरित्झबर्गची हकीकत शिकवीत. 1893 साली पहिल्या वर्गाचे तिकीट असताही गोऱ्यांनी त्यांना गाडीतून उतरविले. पुढे घोड्यांच्या गाडीतही आत बसू दिले नाही. मास्तर हे सांगताना गहिवरत आणि आमच्या मुठी वळत. तेही बॅरिस्टर, तेही वाहन, तीही प्रतिष्ठा. दक्षिण आफ्रिकेचे नाटाळ आम्हांला नकाशात दाखविण्यात आले. चाळीसगाव दाखविण्याची गरज नव्हती, तेथून आम्ही दर उन्हाळ्यात गाडी बदलीत असू. अमेरिकेत माँटगोमेरी शहरी बसमध्ये गोऱ्यासाठी जागा सोडण्यास रोझा पार्क्स या बाईने नकार दिला तो 1955 सालच्या डिसेंबरात. म्हणजे आपल्या संसदेने अस्पृश्यतेचा गुन्हा ठरविला त्याच वर्षी. गोऱ्यांच्या वर्णद्वेषाची चीड आम्हांला पुस्तकातून मिळाली आणि जातीचे वळण ओट्यावरून. दोन्ही एकाच डोक्यात सुखाने नांदत होती, कारण पुस्तकातला काळा आणि बोळातली बाई यांची ओळख करून देणारा कोणी नव्हता. जोतीराव फुल्यांनी ती ओळख 1873 सालीच करून दिली होती. ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्यांनी अमेरिकेतील निग्रो लोकांना दास्यातून सोडविणाऱ्या सत्पुरुषांना अर्पण केले आहे. पण जोतीरावांचे पुस्तक आमच्या फळीवर नव्हते.

बाबासाहेबांनी चाळीसगावची आणि मसूरची हकीकत स्वतः इंग्रजीत लिहून ठेवली. ते लिखाण 1930 ते 1940 या दशकाच्या मध्यावरचे असावे. ते पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाले 1990 साली. समितीचा सरकारी अहवाल 1930 सालीच सादर झाला. तो कचेऱ्यांत गेला. म्हणजे ज्या पुलावर हे घडले त्या पुलावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांना ही गोष्ट त्यांच्याच तोंडून वाचावयास मिळण्यास साठ वर्षे लागली. महारवाड्यात ती तोपर्यंत जिवंत असणार. पण तिकडच्या गोष्टी आमच्या ओट्यापर्यंत येण्याचा रस्ताच नव्हता.

1956 सालच्या डिसेंबराची मला एक अंधूक आठवण आहे. सहा वर्षांचा होतो. ओट्यावर मोठी माणसे हलक्या आवाजात बोलत होती, आणि गल्लीच्या तोंडाशी स्टेशनाकडे जाणाऱ्या लोकांची रांग लागली होती. बायका होत्या, कडेवर मुले होती, कोणी मोठ्याने रडत होते. धुळ्याच्या गाडीने चाळीसगाव, आणि तेथून मुंबई. एवढी माणसे एका वेळी आमच्या गल्लीसमोरून जाताना मी कधी पाहिली नव्हती. त्यांपैकी कित्येकांना आम्ही आयुष्यभर केवळ ओंजळीपुरते पाहिले होते. ‘‘कोण वारले?’’ असे मी विचारले. आजीने सांगितले, ‘‘त्यांचे मोठे वारले.’’ ‘त्यांचे’ हा शब्द तिने सहज वापरला; त्यात दुष्टावा नव्हता. ज्यांनी घटना लिहिली ते ‘त्यांचे’, आणि घटना मात्र सर्वांची, हे कोडे माझ्या बालबुद्धीस पडण्याचे कारण नव्हते, आणि ओट्यावरच्या मोठ्यांसही ते पडलेले दिसले नाही.

चाळीसगावच्या त्या अपघातानंतर आठ वर्षांनी, 1937 च्या जुलैअखेर, बाबासाहेब एका खटल्याच्या कामासाठी पुन्हा खानदेशात, धुळ्यास आले होते. त्या वेळी त्यांचा मुक्काम शहराच्या दक्षिणेस आग्रा रोडवर, लळिंगच्या किल्ल्याखालच्या कुरणातील लांडोर बंगल्यात झाला. त्याची आठवण म्हणून दर वर्षी 31 जुलैला तेथे यात्रा भरते. ऐन पावसाचे दिवस. डोंगर हिरवा झालेला असतो, पायवाटा निसरड्या असतात. खानदेशच्या गावोगावचे लोक सहकुटुंब येतात, बंगल्यापाशी फुले वाहतात, झाडांखाली बसून बरोबर आणलेली भाकरी खातात आणि भीमगीते म्हणतात. माझ्या लहानपणी लळिंगला आम्ही सहलीस जात असू, किल्ला पाहावयास. फारुकी सुलतानांची नावे मास्तर ओळीने सांगत. बंगला वाटेतच होता.